शिकाऊ हात आणि महामारी

भारतात कोविड-१९ या साथीने पहिला बळी घेतला तो मुंबईत नव्हे, दिल्लीतही नव्हे, तर आपल्या सीमाभागातील कलबुर्गीच्या एका ७६ वर्षांच्या वृद्ध गृहस्थांचा. २९ फेब्रुवारी २०२० रोजी ते सौदी अरेबियाहून परतले. थोड्याच दिवसांत त्यांस ताप व खोकला आला. एका डॉक्टरांनी घरी येऊन तपासले. पुढे कलबुर्गीच्या खासगी रुग्णालयात, तेथून हैदराबादेस, आणि हैदराबादेहून परत येताना वाटेतच १० मार्चच्या रात्री त्यांनी देह ठेवला. रोगाचे निदान पक्के झाले ते १२ मार्च रोजी, म्हणजे मृत्यूनंतर दोन दिवसांनी. त्यांस घरी तपासणारे ६३ वर्षांचे डॉक्टरही काही दिवसांत त्याच रोगाने अंथरुणास खिळले.

या घटनेची बातमी साऱ्या देशात पसरली, तेव्हा ज्यांच्या काळजात प्रथम धस्स झाले असेल, ती माणसे कोण? आमच्या मते, ती होती कलबुर्गी आणि बीदर येथील वैद्यकीय व नर्सिंग महाविद्यालयांतील मुले-मुली. त्यांच्या हाती अद्याप पदवी नव्हती. त्यांच्या गळ्यात स्टेथॉस्कोप मात्र पडला होता. काल वर्गात ज्या साथींचा इतिहास त्यांनी पाठ केला, ती साथ आज त्यांच्याच गावाच्या वेशीवर येऊन उभी राहिली. या विद्यार्थ्यांनी महामारीकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, त्यांच्या मनात कोणती भीती होती, कोणते कर्तव्य त्यांस खुणावत होते, आणि आपण त्यांच्याशी कसे वागलो, याचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. साथ ओसरली, परंतु तिने विचारलेला प्रश्न ओसरलेला नाही. पुढील साथ येईल त्या दिवशी आपल्याच घरांतील कोणी मुलगी परिचारिकेच्या गणवेशात उभी असेल. त्या दिवसाची तयारी आजच करावयास हवी.

पहिले रुग्णही विद्यार्थीच

एक गोष्ट पुष्कळांच्या स्मरणातून गेली आहे. भारतात या रोगाचे जे अगदी पहिले तीन रुग्ण सापडले, ते तिघेही वैद्यकीय विद्यार्थी होते. चीनमधील वुहान शहरी शिकावयास गेलेली ही केरळची मुले सुटीसाठी घरी परतली होती. पहिल्या विद्यार्थिनीचे निदान ३० जानेवारी २०२० रोजी झाले. पुढील काही दिवसांत आणखी दोघांचे. प्रभूच्या कृपेने व डॉक्टरांच्या परिश्रमाने तिघेही बरे झाले. म्हणजे या देशात महामारीची ओळख झाली तीच मुळी आरोग्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या द्वारे. आणि ती झाली रुग्ण म्हणून. जो दुसऱ्यास बरे करण्याची विद्या शिकतो, तो स्वतः रोगापासून मुक्त नसतो, हा धडा पहिल्याच दिवशी मिळाला.

आपल्या भागाकडे पाहू. बीदर आणि कलबुर्गी हे जिल्हे १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तत्कालीन म्हैसूर राज्यात आले. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत आजही असंख्य घरांची भाषा मराठी आहे. उदगीर, देगलूर, उमरगा, अक्कलकोट यांच्याशी रोटीबेटीचा व्यवहार अखंड चालू आहे. १९६३ साली कलबुर्गीत महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्यानंतर ख्वाजा बंदानवाज यांच्या नावाचे महाविद्यालय, कामगार विमा महामंडळाचे महाविद्यालय आणि सरकारी वैद्यकीय संस्था अशी भर पडत गेली. बीदरलाही सरकारी वैद्यकीय संस्था उभी राहिली. नर्सिंगच्या शाळा तर गावोगावी झाल्या. ज्या भागात एके काळी शहाणा डॉक्टर गाठावयाचा तर हैदराबाद किंवा सोलापूर गाठावे लागे, त्याच भागातील शेतकऱ्यांची, शिक्षकांची, मजुरांची मुले आता स्वतःच डॉक्टर व परिचारिका होऊ लागली.

आपल्या या मुलांचे एक वैशिष्ट्य आहे. ती घरी मराठी बोलतात, शाळेत कानडी शिकतात, पुस्तके इंग्रजीतून वाचतात आणि वॉर्डात रुग्णाशी दखनीत बोलतात. एखादी घाबरलेली म्हातारी औरादच्या बाजूने आली आणि "मला घरी न्या" एवढेच म्हणत राहिली, तर तिला तिच्या भाषेत धीर देणारे माणूस बहुधा एखादी शिकाऊ परिचारिकाच असते. मोठ्या डॉक्टरांना वेळ नसतो. शिकाऊ मुलीजवळ वेळ आणि भाषा दोन्ही असतात. हे धन लहान नव्हे.

भीतीचे खरे स्वरूप

साथीच्या काळात जगातील अनेक देशांत वैद्यकीय व नर्सिंगच्या विद्यार्थ्यांच्या मनाची पाहणी झाली. या पाहण्यांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली: विद्यार्थ्यांस स्वतःच्या मरणापेक्षा आपण रोग घरी घेऊन जाऊ याचीच भीती अधिक वाटत होती. आपल्या भागास ही गोष्ट शंभर टक्के लागू पडते. मोठ्या शहरातील विद्यार्थ्यास कदाचित वेगळी खोली मिळेल. आपल्या खेड्यातील घरात एकाच खोलीत आजी-आजोबा, आई-वडील आणि तीन-चार भावंडे निजतात. आजीला दमा, वडिलांना मधुमेह. अशा घरी परतणाऱ्या मुलीने उंबरठ्यावर पाय ठेवताना काय विचार केला असेल? मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली, वसतिगृहे रिकामी झाली आणि मुले गावी आली. शिक्षण मोबाइलवर सुरू झाले. ज्या विद्येत हाताने नाडी पाहावयाची, कानाने छाती ऐकावयाची, ती विद्या पडद्यावरून शिकणे भाग पडले. आणि कित्येक गावांत त्या पडद्यालाही माळावर जाऊन रेंज शोधावी लागली. "आपण अर्धवट शिकलेले डॉक्टर तर होणार नाही ना?" ही दुसरी भीती. ती पहिलीइतकीच खरी होती.

भीती वाटणे हे पाप नव्हे. भीती ही देवाने दिलेली राखण आहे. ती नसती तर माणूस विस्तवात हात घालता. प्रश्न एवढाच की, भीती आपणांस सावध करते की निर्दय करते? सावध करणारी भीती हात धुवावयास लावते, मास्क बांधावयास लावते, आजीपासून दूर निजावयास लावते. निर्दय करणारी भीती रुग्णाच्या दारावर बहिष्कार टाकते आणि परिचारिकेला भाड्याच्या खोलीतून बाहेर काढते. दुर्दैवाने दुसऱ्या प्रकारची भीतीही त्या काळी देशात अनेक ठिकाणी दिसली. इतकी की २२ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारला आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांविरुद्ध वटहुकूम काढावा लागला आणि गंभीर दुखापतीस सात वर्षांपर्यंत कैद सांगावी लागली. ज्या समाजाला आपल्या शुश्रूषा करणाऱ्या मुलींचे रक्षण कायद्याने करावे लागते, त्याने आपले अंतःकरण तपासून पाहावे.

ज्ञान आणि अफवा

महामारीबरोबर दुसरीही एक साथ आली, ती अफवांची. फेब्रुवारी २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी इशारा दिला होता की, आपला लढा केवळ रोगाशी नाही, खोट्या माहितीच्या पुराशीही आहे. आमच्या विद्यार्थ्यांची स्थिती येथे मोठी नाजूक होती. गावात जो कोणी "मेडिकलला" आहे, त्याच्याकडे सारे गाव सल्ल्यासाठी येते. मग तो पहिल्या वर्षात का असेना. काढा प्यावा का? वाफ घ्यावी का? लस घेतली तर मूल होत नाही हे खरे का? हे प्रश्न प्राध्यापकांस कोणी विचारले नाहीत. ते पारावर बसून त्या मुलाला विचारले.

अशा वेळी विद्यार्थ्याचा सर्वांत मोठा गुण कोणता? आमच्या मते, "मला माहीत नाही, विचारून सांगतो" असे म्हणण्याचे धैर्य. रोग नवा होता. जे आज खरे वाटे, ते महिन्याने बदले. अशा वेळी खोट्या आत्मविश्वासाने औषधे सांगणारा अर्धवट वैद्य शंभर जणांचे नुकसान करतो, आणि आपल्या अज्ञानाची मर्यादा ओळखणारा विद्यार्थी शंभर जणांस वाचवतो.

लसीचीच गोष्ट घ्या. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झाले, ते आरोग्यसेवकांपासून. त्यांत विद्यार्थ्यांचाही समावेश होता. सुरुवातीस आरोग्यसेवकांतही काही जण कचरले. आपणच पहिले का, असा प्रश्न त्यांस पडला. तो पडणे अस्वाभाविक नव्हते. परंतु ज्या दिवशी गावातील नर्सिंगची मुलगी स्वतः दंड पुढे करून लस घेऊन आली आणि दुसऱ्या दिवशी चुलीपुढे बसून भाकऱ्या थापताना दिसली, त्या दिवशी जे काम झाले, ते शंभर भित्तिपत्रकांनी झाले नसते. ख्रिस्तसभेनेही या बाबतीत श्रद्धावंतांस अंधारात ठेवले नाही. २१ डिसेंबर २०२० च्या पत्रकाने रोमच्या धर्मसिद्धांत मंडळाने लस नैतिकदृष्ट्या स्वीकारार्ह असल्याचे स्पष्ट केले. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनी लस घेणे ही शेजाऱ्यावरील प्रीतीची कृती असल्याचे साऱ्या जगास सांगितले.

रुग्ण हा गुन्हेगार नव्हे

साथीत माणसे प्रथम रोगाचे नाव विचारतात आणि मग लगेच विचारतात, "हा कोठून आला?" सौदीहून आला, दिल्लीहून आला, मुंबईहून आला! मे २०२० मध्ये महाराष्ट्रातून आपल्या गावी परतणाऱ्या मजुरांची रीघ कलबुर्गी, बीदर आणि यादगिरीच्या सीमेवर लागली. मुंबई-पुण्यास घाम गाळून घरी पैसे पाठविणारी ती आपलीच माणसे. परंतु तपासणीच्या यादीत त्यांची ओळख उरली ती "महाराष्ट्रातून परतलेले" एवढीच. फेब्रुवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रातून कर्नाटकात येणाऱ्यास ७२ तासांच्या आतील तपासणीचा दाखला सक्तीचा झाला. रोग आवरण्यासाठी सरकारला असे नियम करावे लागतात, हे आम्ही जाणतो. परंतु नियम रस्त्यावर असावा. तो काळजात उतरू नये. सीमेच्या त्या बाजूस सासर व या बाजूस माहेर असलेल्या आपल्या लेकींनी त्या वर्षी काय सोसले, ते त्यांचे त्यांस ठाऊक.

आरोग्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे फार जपावयास हवे. रोग कोठून आला याचा शोध घेणे हे त्याच्या विद्येचे अंग आहे. पण रुग्णास दोष देणे हे त्याचे काम नव्हे. इतिहासाचा धडाही हाच आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला, आणि पुण्यात सैनिक घराघरांत शिरून रुग्ण शोधू लागले. माणसे रोगापेक्षा तपासणीलाच अधिक भिऊ लागली, आजारी माणसे लपवू लागली, आणि त्या वर्षीच्या जून महिन्यात प्लेगचे अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. तोच १८९७ चा कायदा २०२० मध्ये पुन्हा हाती घ्यावा लागला. ज्या उपायात माणसाचा मान राखला जात नाही, तो उपाय योग्य असूनही फुकट जातो.

त्याच प्लेगात दुसऱ्या प्रकारची माणसेही होती. मुंबईच्या मांडवी भागात हा प्लेगच आहे असे सप्टेंबर १८९६ मध्ये प्रथम ओळखले ते डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या कॅथलिक डॉक्टरांनी. ते ग्रँट मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. अनेकांनी त्यांच्या निदानावर शंका घेतली, पण ते ठाम राहिले. पुढे हाफकिन यांनी त्याच कॉलेजातील प्रयोगशाळेत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि व्हिएगस यांनी हजारो लोकांस ती टोचली. पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी आपले डॉक्टर पुत्र यशवंत यांच्या दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा केली. मुंढव्याच्या एका आजारी मुलास त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, असे सांगतात. त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. वाचकहो, ही तारीख ध्यानात घ्या. बरोबर १२३ वर्षांनी, त्याच १० मार्चला, कलबुर्गीच्या त्या वृद्धांनी प्राण सोडला.

विद्यार्थ्यांचे आश्रयदाते संत

ख्रिस्तसभेने विद्यार्थ्यांसाठी आश्रयदाते म्हणून ज्या संताची निवड केली, ते संत आलोयसियस गोंझागा स्वतः विद्यार्थीच होते आणि साथीतच मरण पावले, हा केवळ योगायोग नव्हे. १५६८ साली इटलीतील एका सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. राज्याचा हक्क धाकट्या भावास देऊन ते येशूसंघात शिरले आणि रोम येथे ईश्वरविद्या शिकू लागले. १५९१ साली रोम शहरात साथ आली. तरुण आलोयसियस रस्त्यावर पडलेल्या रुग्णांस उचलून रुग्णालयात नेऊ लागले, त्यांस धुऊ लागले, भरवू लागले.

या चरित्रातील दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. त्या आम्ही मुद्दाम सांगतो. पहिली अशी की, रुग्णांच्या जखमा व दुर्गंधी यांची त्यांस विलक्षण किळस येई, आणि हे त्यांनी आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकापाशी मोकळेपणाने सांगितले होते. म्हणजे संतालाही किळस येते, भीती वाटते. पवित्रता म्हणजे भावनाच नसणे असे नव्हे. दुसरी गोष्ट अशी की, त्यांच्याबरोबरचे तरुण आजारी पडू लागताच वरिष्ठांनी त्यांस तेथे जाण्यास मनाई केली. पुष्कळ विनवणी केल्यावर परवानगी मिळाली, तीही संसर्गजन्य रुग्ण नसलेल्या रुग्णालयातच सेवा करण्याची. तेथे उचललेला एक रुग्ण साथीचाच निघाला, आणि २१ जून १५९१ रोजी, वयाच्या २३ व्या वर्षी, आलोयसियस प्रभूकडे गेले. तरुणांनी पुढे यावे आणि वडीलधाऱ्यांनी त्यांस जपावे, ही दोन्ही कर्तव्ये त्या कथेत एकत्र आहेत. आज आपण पहिल्याचा गौरव करतो आणि दुसरे विसरतो.

इतर देशांतील दाखलेही पाहा. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी डॉक्टर अपुरे पडले, तेव्हा वैद्यकाच्या तिसऱ्या व चौथ्या वर्षांचे वर्ग बंद करून विद्यार्थ्यांस रुग्णसेवेस पाठविण्यात आले. त्यांतील तिसऱ्या वर्षाचे एक विद्यार्थी आयझॅक स्टार पुढे नामवंत हृदयतज्ज्ञ झाले. १९७६ साली त्यांनी त्या दिवसांच्या आठवणी लिहिल्या: या रोगावर एक व्याख्यान ऐकून ते वॉर्डात गेले होते.

१९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओने थैमान घातले. ज्यांच्या श्वासाचे स्नायू लुळे पडत, अशा पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण दगावले. श्वासयंत्रे अगदी थोडी होती. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या डॉक्टरांनी गळ्यात नळी बसवून रबरी पिशवी हाताने दाबून श्वास देण्याची युक्ती काढली. पण रात्रंदिवस पिशवी दाबणार कोण? सुमारे १,५०० विद्यार्थी पुढे आले. पाळीपाळीने प्रत्येक रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी आपल्या हाताने दुसऱ्याचा श्वास चालविला. एकूण सुमारे १,६५,००० तास. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले, आणि आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात तेथूनच झाली असे मानतात. त्या विद्यार्थ्यांनी कोणतीही मोठी शस्त्रक्रिया केली नाही. ते एका जागी बसले, पिशवी दाबत राहिले आणि रुग्णाच्या डोळ्यांकडे पाहत राहिले. शिकाऊ हातांस पुष्कळदा एवढेच करावयाचे असते. आणि तेवढ्यावरच जीव अवलंबून असतो.

कर्तव्याची मर्यादा

भारतातही तशी वेळ आली. एप्रिल-मे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत खाटा मिळेनात, ऑक्सिजन मिळेना. बसवकल्याणचे आमदार बी. नारायणराव यांस आदल्या सप्टेंबरात याच रोगाने नेले होते. त्यांच्या रिक्त जागेची पोटनिवडणूक १७ एप्रिल २०२१ रोजी, लाट चढत असतानाच, पार पडली. ३ मे २०२१ रोजी केंद्र सरकारने ठरविले की, इंटर्न डॉक्टरांस प्राध्यापकांच्या देखरेखीखाली कोविडच्या कामावर घ्यावे. शेवटच्या वर्षाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी दूरध्वनीवरून सल्ला देण्याचे व सौम्य रुग्णांवर लक्ष ठेवण्याचे काम करावे. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसही सेवेत घ्यावे. १०० दिवस सेवा करणाऱ्यांस सरकारी भरतीत अग्रक्रम देण्याचेही जाहीर झाले. त्या एकाच लाटेत सुमारे ८०० डॉक्टर मृत्युमुखी पडल्याचे भारतीय वैद्यक संघटनेने सांगितले. देशात या साथीच्या सरकारी नोंदीतील मृत्यू ५ लाख ३३ हजारांहून अधिक आहेत.

अशा वेळी शिकाऊ मुलांनी पुढे यावे का? आमचे उत्तर: होय, यावे, परंतु एकटे नव्हे आणि उघड्या हातांनी नव्हे. ज्याला अद्याप शिकावयाचे आहे, त्याच्याकडून जाणत्याचे काम करून घेणे हा रुग्णावर आणि विद्यार्थ्यावर, दोघांवरही अन्याय आहे. त्याला पुरेसे पीपीई किट हवे, पाळीनंतर विसावा हवा, वेळेवर जेवण हवे, विलगीकरणास जागा हवी, विद्यावेतन हवे, आणि चुकल्यास हात धरणारे अनुभवी माणूस जवळ हवे. त्याच्या मनावरील ओझे ऐकून घेणारे कोणी हवे. टाळ्या वाजविणे सोपे असते. एक मास्क वेळेवर पुरविणे त्याहून अवघड असते आणि त्याहून उपयोगाचे असते.

प्रभू येशूने सांगितलेला दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण सारे जाणतो. त्याने घायाळ माणसास "तू कोठला?" असे विचारले नाही. त्याच्यापाशी तेल व द्राक्षारस होता, जखमा बांधण्याचे ज्ञान होते; म्हणजे त्याची दया रिकाम्या हातांची नव्हती. परंतु दाखल्यातील आणखी एका पात्राकडे आपले लक्ष जात नाही: तो खानावळीचा मालक. घायाळ माणसाची रात्रंदिवस शुश्रूषा अखेर त्यानेच करावयाची होती. शोमरोन्याने त्यास दोन नाणी दिली आणि अधिक खर्च झाल्यास तोही परत येताना देण्याचे वचन दिले. आजच्या महामारीत आपले विद्यार्थी हे त्या खानावळीतील माणसांसारखे आहेत. रुग्ण आपण त्यांच्या हवाली करतो. मग ती दोन नाणी आणि पुढील वचन कोणी द्यावयाचे? समाजाने, सरकारने आणि आपल्या ख्रिस्तसभेने. २७ मार्च २०२० च्या संध्याकाळी संत पेत्राच्या रिकाम्या, पावसाने भिजलेल्या चौकात एकटे उभे राहून परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनी डॉक्टर, परिचारिका, सफाई करणारे अशा विस्मृत सामान्य माणसांचा उल्लेख केला, तो याच ऋणाची आठवण देण्यासाठी.

आपल्या घरांचे काय?

आमच्या मनात खोल सल आहे तो हा: साथीनंतर काही घरांतून "आता मुलीला नर्सिंगला घालावयाचे नाही" असे बोल कानी येतात. आई म्हणते, "पैसा नको, पदवी नको, माझी लेक सुखरूप असू दे." या आईस आम्ही नावे ठेवणार नाही. परंतु तिला एक विचारतो: आई, तुझ्या म्हातारपणी ताप चढला, तर तुझ्या उशाशी जी मुलगी बसेल, तीही कोणाची तरी लेकच असेल ना? सर्वांनी आपापल्या लेकी मागे ओढल्या, तर पुढील साथीत वॉर्ड रिकामे राहतील.

भारतातील कॅथलिक आरोग्यसेवेचा पाया घालणाऱ्यांपैकी एक म्हणजे सिस्टर डॉ. मेरी ग्लॉवरी. ऑस्ट्रेलियातील आपला चालता व्यवसाय सोडून त्या १९२० साली आंध्रातील गुंटूरला आल्या, तेथे धर्मभगिनी झाल्या, आणि १९४३ साली त्यांनी आज कॅथलिक आरोग्य संघटना म्हणून ओळखली जाणारी संस्था उभारली. येथील मुलामुलींस ख्रिस्ती वृत्तीने वैद्यकविद्या शिकविणारे महाविद्यालय असावे, हे त्यांचे स्वप्न होते. १९५७ साली त्या निवर्तल्या. बंगळूरचे संत योहान वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली सुरू झाले. ज्या वर्षी कलबुर्गीस वैद्यकविद्येचे दार उघडले, त्याच वर्षी. बी पेरणारा पीक पाहीलच असे नाही.

आपला गुलबर्गा धर्मप्रांत तरुण आहे. त्याची स्थापना २००५ सालची. आपले धर्मग्राम लहान आहेत. तरीही प्रत्येक धर्मग्रामास काही गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. आपल्या भागात वैद्यकीय, नर्सिंग, औषधनिर्माण वा प्रयोगशाळेचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींची नावे फादरांपाशी असावीत. ती कोणत्याही धर्माची असोत. त्यांस वर्षातून एकदा तरी बोलावून गावकऱ्यांस स्वच्छता, लस व साथीची लक्षणे यांविषयी मराठीत व कानडीत समजावून सांगावयास लावावे. साथीत ड्युटीवरून परतणाऱ्या विद्यार्थ्यास घरी विलगीकरणाची सोय नसेल, तर सभागृहाची एक खोली त्यास उघडून द्यावी आणि शेजारणींनी पाळीने डबा पोचवावा. ज्या घरातील मुलगी वॉर्डात आहे, त्या घरी कोणी बहिष्काराची भाषा काढली, तर धर्मग्रामातील वडीलधाऱ्यांनी जाऊन त्या घरच्या ओट्यावर बसावे. एवढे केले तरी पुष्कळ झाले.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांस आमचे सांगणे थोडके आहे. अभ्यास मनापासून करा. साथीच्या दिवशी पाठ न केलेला धडा उसना मिळत नाही. भीती लपवू नका. ती जाणत्या माणसाजवळ बोला. ठाऊक नसेल तर तसे सांगा. रुग्णास त्याच्या भाषेत हाक मारा. "काका", "मावशी", "अज्जी" या एका शब्दाने अर्धा ताप उतरतो. त्याची जात, गाव, धर्म रोगाच्या नोंदीपुरताच विचारा. आणि रात्री हात स्वच्छ धुऊन झाल्यावर ते क्षणभर जोडा. ज्या प्रभूने कुष्ठरोग्यास हात लावला, तो तुमच्या शिकाऊ हातांस बळ देवो, तुमच्या आई-बापांस धीर देवो, आणि आम्हां साऱ्यांस तुमच्या ऋणाची जाणीव देवो.